घरी माशांची पैदास करताय? पिल्लं हातची जाण्याआधी या चुका टाळा

जोडी जमते, अंडी पडतात, अंडी फुटतातही. तरी दहाव्या दिवशी टाकीत पाच-सात पिल्लं उरतात, कधी तीही नाहीत. बहुतेक घाणा (एका वेळची अंडी-पिल्लं) असाच वाया जातो, आणि दोष मात्र जोडीवर येतो. खरं कारण कामाच्या क्रमात असतं. आधी जोडी आणली जाते, मग टाकी, मग फिल्टर, आणि पिल्लं पोहायला लागली की खाद्याची धावपळ सुरू होते. हा क्रम उलटा हवा: आधी फिल्टर मुरवायचा, म्हणजे त्यावर उपयोगी जिवाणू वाढू द्यायचे, मग खाद्याची सोय करायची, आणि जोडी सगळ्यांत शेवटी सोडायची.

नवा स्पंज, नवं पाणी आणि नाजूक पिल्लं

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी आहेत. मोठा मासा थोडा अमोनिया कसाबसा सहन करतो, चार दिवसांचं पिल्लू करत नाही. हे जिवाणू पाण्यात कमी आणि स्पंजवर जास्त राहतात, आणि त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पैदाशीसाठी सगळ्यांत सोपा उपाय असा: नवा स्पंज फिल्टर (एअर पंपाच्या हवेवर चालणारा) मुख्य टाकीत महिना-दीड महिना चालू ठेवा आणि जोडी सोडायच्या दिवशी तो पैदाशीच्या टाकीत हलवा. मुख्य टाकीत आजारी मासे असतील तर मात्र हा मार्ग धरू नका. मग रिकाम्या टाकीत साधा, सुवासिक द्रव्य किंवा साबण नसलेला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) घाला आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किटने मोजत राहा. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, म्हणजे टाकी तयार. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसणं हा पुरावा नव्हे. अमोनियाला रंग नसतो.

टाकी रिकामी झाल्यावर तो स्पंज वाळत ठेवू नका. पुढच्या घाण्यापर्यंत त्याला मुख्य टाकीत चालू राहू द्या. धुतानाही नळाखाली पिळायचा नाही, कारण क्लोरीनने महिन्याची मेहनत दोन मिनिटांत जाते. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा दाबला की पुरे.

बुडबुडे कमी झाले की लगेच नवा पंप

हा हकनाक खर्च आहे. एअर पंपची नळी पंपापासून काढा आणि तोंडाशी बोट धरा. हवा जोरात येत असेल तर पंप ठीक आहे, अडचण पुढे आहे. मग क्रमाने बघा: नळी कुठे दुमडली किंवा कडक झाली आहे का, एअरस्टोनवर (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडावर) क्षार बसलेत का, स्पंज फिल्टरच्या मधल्या नळीत गाळ साचलाय का. क्षार बसलेला एअरस्टोन रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून धुतला की बऱ्याचदा मोकळा होतो, नाही झाला तर बदला. चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, उलटा बसवला असेल तर हवा अजिबातच जाणार नाही. तोंडाने फुंकून बघा, हवा ज्या बाजूने आत जाते ती बाजू पंपाकडे हवी.

पंपातूनच हवा कमी येत असेल तर प्लग काढून झाकण उघडा. आत रबरी डायफ्राम असतो. तो चिरला असेल किंवा त्याखालच्या पातळ झडपेत धूळ अडकली असेल तर हवा घटते. पंप अचानक मोठ्याने खडखडू लागला तर बहुधा डायफ्राम फाटलाय किंवा चुंबकाचा हात जागेवरून सरकलाय. डायफ्राम सुटा मिळतो आणि बदलायला दहा मिनिटं लागतात.

पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खालीच ठेवावा लागला तर चेक व्हॉल्व्ह लावल्याशिवाय ठेवू नका. वीज गेली की पाणी सायफन होऊन नळीतून पंपात उतरतं आणि तिथून थेट विजेच्या बोर्डात. त्याच कारणासाठी प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी खालच्या वळणावर टपकेल.

वीज काही तास जाण्याची शक्यता असेल तर बॅटरीवरचा पंप हाताशी हवाच. जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो आणि बंद स्पंज आतून कुजू लागतो. बराच वेळ बंद राहिलेला स्पंज तसाच चालू केला तर ती सगळी घाण पिल्लांच्या अंगावर येते. आधी बादलीत दाबून घ्या.

पिल्लांच्या टाकीत पॉवर फिल्टर किंवा हँग-ऑन फिल्टर लावू नका. पिल्लं ओढली जातात आणि कळतही नाही. स्पंज फिल्टरची हवासुद्धा बारीक नॉबने इतकी कमी करा की पिल्लं प्रवाहात फेकली जाणार नाहीत.

हीटरच्या आकड्यावर भरवसा

हीटरवरचा आकडा आणि पाण्याचं खरं तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो. वेगळा थर्मामीटर लावा आणि पूर्ण एक दिवस नोंद घ्या. सरसकट अंदाज लिटरला एक वॉट. पण ४० लिटरच्या टाकीला ५० वॉटचा एक हीटर लावण्यापेक्षा २५ वॉटचे दोन लावलेले बरे. थर्मोस्टॅट चालू स्थितीत चिकटला तर मोठा हीटर रातोरात टाकी उकळत्या दिशेने नेतो, छोटा तेवढं करू शकत नाही. आणि एक बंद पडला तरी दुसरा थोडीफार ऊब टिकवतो.

फायटर म्हणजे बेट्टासाठी पाणी १०-१५ सेंटीमीटरच ठेवतात. उभ्या लावलेल्या हीटरची किमान पातळीची खूण तेव्हा पाण्याबाहेर राहते आणि काच तडकते. पूर्ण बुडवता येणारा हीटर घ्या आणि तळाशी आडवा लावा. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढून १५-२० मिनिटं थांबा. तापलेली काच उघडी पडली किंवा तिच्यावर गार पाणी पडलं की ती गेलीच.

गळक्या टाकीवर वरून सिलिकॉन

ताजं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. म्हणून बाहेरून किंवा जुन्या थरावरून लावलेलं ठिगळ काही दिवसांत सुटतं. आधी गळती शोधा. बाहेर ओल दिसते तिथेच आत भोक असेल असं नाही, पाणी सांध्यातून सरकत येतं. टाकी भरून बाहेरून कोरडी पुसा, सांध्यांना टिश्यू लावून ठेवा आणि पाणी आपोआप कुठे थांबतं ते बघा. पातळी एका उंचीवर स्थिरावली तर गळती त्याच उंचीवर आहे. थांबलीच नाही तर तळाच्या सांध्यात.

मग टाकी रिकामी करून वाळवा. आतल्या कोपऱ्यांतला सिलिकॉनचा थर ब्लेडने पूर्ण खरवडा, फक्त गळक्या जागेचा नव्हे, चारी बाजूंचा. दोन काचांच्या मधला थर मात्र कापू नका, टाकी त्यावरच उभी असते. खरवडलेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कडेला टेप लावा, सिलिकॉनची एकसलग रेघ ओढा, ओल्या बोटाने एकदाच दाबत न्या आणि टेप लगेच काढा. सिलिकॉन बुरशीरोधक नको. बाथरूमसाठीच्या ट्यूबमध्ये असलेलं ते औषध माशांना मारतं. माशांच्या टाकीसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. किमान ४८ तास, जमलं तर आठवडाभर वाळू द्या. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावर टाकी भरून २४ तास नुसती ठेवा, मग ते पाणी ओतून द्या.

सांधा पुन्हा पुन्हा सुटत असेल तर बैठक तपासा. ६० × ३० × ३० सेंटीमीटरच्या टाकीत ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो पाणी मावतं. टेबल एका कोपऱ्यात जरी खाली असलं तरी तो ताण काचेवर येतो. बिनफ्रेमच्या टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. तळाला प्लॅस्टिकची फ्रेम असलेल्या टाकीखाली घालू नका, कारण तिचा भार फ्रेमच्या कडेवर येतो आणि थर्माकोल मधल्या काचेला वर दाबतो.

पाणी "मुरवलं" म्हणजे झालं?

नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवलं, त्यात हवा सोडली की साधा क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र तसा जात नाही, त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन निकामी करणारं औषध, लागतो. तुमच्या पाण्यात काय घालतात ते माहीत नसेल तर डीक्लोरिनेटर वापराच.

दुसरी टोकाची चूक म्हणजे निव्वळ आरओचं पाणी. त्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं. मुरलेला फिल्टर आम्ल तयार करत राहतो, पीएच घसरतो आणि ६च्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं. अमोनिया साचतो, पण कमी पीएचमध्ये तो बहुतांशी अमोनियमच्या, कमी विषारी रूपात असतो, म्हणून मासे ठीक दिसतात. मग एक दिवस तुम्ही जास्त पीएचचं ताजं पाणी भरपूर घालता, अमोनियम पुन्हा अमोनिया होतं आणि तासाभरात मासे तडफडतात. "पाणी बदललं आणि मासे मेले" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. आरओमध्ये साधं पाणी मिसळा आणि केएच (पीएच धरून ठेवणाऱ्या क्षारांचं प्रमाण) मोजत राहा. पीएच घसरलेला सापडलाच तर थोडं थोडं पाणी काही दिवसांत बदला.

मोठी टाकी आणि खाली खडी

पिल्लांना २०-४० लिटरची, तळ मोकळा असलेली टाकी द्या. फार मोठ्या टाकीत खाद्य विखुरतं आणि पिल्लू शोधत उपाशी राहतं. खडीत उरलेलं खाद्य कुजतं आणि काढता येत नाही.

अंडी पांढरी पडतात

पांढरं पडलेलं अंडं फळलेलं नव्हतं किंवा मेलं. त्यावर बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. एंजल माशाची अंडी पालकांपासून वेगळी केली असतील तर स्लेटजवळ (ज्या पाटीवर अंडी घातली तिच्याजवळ) एअरस्टोन ठेवा, बुडबुडे अंड्यांना चाटून न जाता बाजूने जातील असा. मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं औषध अंडी दिसतील इतकाच निळा रंग येईपर्यंत घाला. ही टाकी बिनफिल्टरची असू द्या, कारण हे औषध फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. अंडी फुटल्यावर रोज थोडं पाणी बदलून रंग उतरवा आणि मगच मुरलेला स्पंज लावा.

एंजलच्या नव्या जोडीने पहिले दोन-तीन घाणे खाल्ले तर जोडी मोडू नका. शिकायला त्यांना वेळ लागतो. सगळीच अंडी दर वेळी पांढरी पडत असतील तर दोन्ही मासे मादी आहेत का बघा. एंजलमध्ये दोन माद्याही जोडीसारख्या वागतात आणि अंडी घालतात.

खाद्याची तयारी अंडी फुटल्यावर

सगळ्यांत जास्त पिल्लं इथे जातात. एंजलची अंडी २७-२८ अंशांना साधारण अडीच दिवसांत फुटतात, आणि पिल्लं आणखी पाचेक दिवसांनी मोकळी पोहू लागतात. फायटरची एक-दोन दिवसांत फुटतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं आडवी पोहतात. तोवर ती पोटातल्या बलकावर असतात. या काळात घातलेलं खाद्य फक्त पाणी नासवतं. पोहू लागल्यावर मात्र त्याच दिवशी जिवंत खाद्य हवं. उकडलेल्या अंड्याचा बलक घालायची सवय सोडा, इतक्या पटकन पाणी दुसरं काही खराब करत नाही.

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. त्याची अंडी उबवण्यासाठी उलटी बाटली घ्या. लिटरला २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, पाणी मऊ असेल तर चिमूटभर खायचा सोडा, २६-२८ अंश तापमान, वर दिवा आणि तळापासून जोरात हवा. १८ ते ३६ तासांत आर्टेमियाची पिल्लं निघतात. म्हणून बाटली माशांची पिल्लं पोहायच्या आदल्या दिवशी लावायची, आणि नंतर दोन बाटल्या आलटून-पालटून. काढताना हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, खाली उजेड धरा. टरफलं वर तरंगतात, आर्टेमिया खाली जमतो. तोच नळीने ओढा, बारीक कापडात गाळून गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पोटात गेली तर माशांच्या पिल्लांची आतडी तुंबतात. निघाल्यापासून काही तासांत घातला तरच त्याचा कस टिकतो.

फायटरच्या अगदी बारीक पिल्लांसाठी इन्फ्युझोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) लागू शकतो. त्याची बरणी जोडी सोडण्याच्या आठवडाभर आधी लावा.

पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे त्यांनी आर्टेमिया खाल्ला. अर्ध्या तासानेही पोटं सपाट असतील तर खाद्य मोठं आहे, मेलेलं आहे किंवा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. दिवसातून तीन-चारदा थोडं घाला आणि उरलेलं एअरलाइनच्या नळीने तळातून ओढून घ्या. नळी पांढऱ्या भांड्यात सोडा, म्हणजे चुकून आलेली पिल्लं दिसतील. रोज १०-२० टक्के पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदला.

फायटरच्या टाकीवर पहिला महिनाभर झाकण हवंच. वरच्या हवेतून श्वास घेण्याचा अवयव तेव्हाच तयार होत असतो, आणि पृष्ठभागावर गार, कोरडी हवा आली तर पिल्लं मरतात. अंडी घालून झाल्यावर मादी काढा, पिल्लं आडवी पोहू लागली की नर.

गप्पी, मॉली, प्लॅटी (थेट पिल्लं घालणारे मासे)

गाभण मादी शेवटच्या दिवसांत हलवू नका, दगदगीने अपुरी पिल्लं टाकते. आठवडाभर आधी मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) भरलेल्या टाकीत सोडा. चिमुकल्या ब्रीडिंग बॉक्सपेक्षा ते कितीतरी बरं. मादी एका मिलनाचं शुक्र कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे विशिष्ट रंग टिकवायचा असेल तर नवा नर सोडून भागत नाही. पिल्लं तीन-चार आठवड्यांची असतानाच नर-मादी वेगळे करावे लागतात.

दोन घाण्यांमध्ये

टाकी, नळ्या आणि जाळ्या एक भाग ब्लीच आणि एकोणीस भाग पाणी या द्रावणात १५ मिनिटं ठेवा, भरपूर धुवा, डीक्लोरिनेटरच्या पाण्यात बुडवा आणि वाळवा. काचेवरच्या क्षारांना व्हिनेगर लावायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आणि या धुलाईत जुना स्पंज चुकूनही जाऊ देऊ नका.