अॅनाबॅप्टिस्ट रक्तसाक्षीची नोंद कशी तपासावी

सोळाव्या शतकातल्या युरोपात, प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांना अॅनाबॅप्टिस्ट म्हणत. त्यासाठी मारल्या गेलेल्यांच्या, म्हणजे रक्तसाक्षींच्या, कथा बहुतेकांना ‘मार्टर्स मिरर’ या ग्रंथातून कळतात. थिलेमान फान ब्राख्त यांनी तो १६६० मध्ये डच भाषेत काढला. इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यातली कथा इतिहास म्हणून वापरायची असेल, तर चित्र बाजूला ठेवा. यान लॉयकनची १०४ चित्रे १६८५ च्या आवृत्तीतली आहेत. चित्रकाराने ते प्रसंग पाहिलेले नव्हते.

सुरुवात निकालपत्रापासून करा. डर्क विलेम्स या डच अॅनाबॅप्टिस्टाचे उदाहरण घ्या. त्याचा पाठलाग करणारा बर्फ फुटून पाण्यात पडला, डर्कने मागे फिरून त्याला वाचवले, आणि तरीही १६ मे १५६९ रोजी आस्पेरेन येथे डर्कला जाळले, ही कथा प्रसिद्ध आहे. ग्रंथात तिच्याबरोबर न्यायालयाचा निकालही छापला आहे. त्यात आरोप आहेत ते असे: रोटरडॅममध्ये पीटर विलेम्सच्या घरी पुन्हा बाप्तिस्मा घेणे, आस्पेरेनला स्वतःच्या घरी चोरून सभा भरवणे, तिथे इतरांना बाप्तिस्मा घेऊ देणे. शिक्षा जाळण्याची, मालमत्ता जप्त. बर्फाचा उल्लेखच नाही. म्हणून कथा खोटी ठरत नाही. निकालात गुन्हा लिहितात, उपकार नव्हे. पण बर्फाचा प्रसंग फक्त कथेच्या आधारावर उभा आहे, हे टिपणात स्पष्ट लिहावे.

त्याच निकालात ‘यातना आणि लोखंडी बंधनांविना कबूल केले’ असे शब्द येतात. नवखा वाचक इथे हमखास फसतो. ही कायद्याची ठरीव भाषा आहे. छळ करून मिळवलेली कबुली नंतर मोकळ्या अवस्थेत पुन्हा वदवून घेण्याची रीत होती. तेव्हा एवढ्या शब्दांवरून छळ झालाच नाही असे म्हणता येत नाही.

नावाबाबतही घाई नको. ‘विलेम्स’ म्हणजे विलेमचा मुलगा. ते आडनाव नाही. वरचा पीटर डर्कचा भाऊच असेल असे नाही. वेगवेगळ्या कागदांत एकाच माणसाचे स्पेलिंगही बदलते, म्हणून नावाबरोबर गाव आणि तारीख जुळवावी.

तारखेचा घोळ जास्त वाईट. हॉलंड-ब्राबांटच्या न्यायालयांत १५७६ पूर्वी नवे वर्ष सर्रास ईस्टरपासून धरत. कागदावर ‘फेब्रुवारी १५७०’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १५७१ असू शकते. मे ते डिसेंबरमधल्या नोंदींना ही अडचण नाही.

मग शिक्षा कोणी दिली ते पाहा. ‘कॅथलिकांनी मारले’ हे अर्धेच खरे. फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवले ते झ्युरिकच्या सुधारणावादी (प्रोटेस्टंट) नगरसभेने. १५२९ च्या श्पायर येथील साम्राज्यसभेच्या फर्मानाने तर पवित्र रोमन (जर्मन) साम्राज्यभर मृत्युदंड लावला, आणि त्यासाठी आधी धार्मिक न्यायाधीशांच्या चौकशीचीही गरज ठेवली नाही. गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय (१५६०), डोळ्यांसमोर ठेवून वाचणाऱ्या मराठी वाचकाने हा फरक लक्षात घ्यावा: जर्मन मुलखात हे काम बहुतांशी शहरांच्या आणि राजांच्या न्यायालयांनी केले.

शिक्षेच्या प्रकारावरून गुन्ह्याचे वजन काढू नका. बव्हेरियात आपली श्रद्धा सोडून माघार घेणाऱ्याचा शिरच्छेद आणि न घेणाऱ्याला जाळणे असा हुकूम होता. म्हणजे तलवार ही ‘सवलत’ होती. स्त्रियांना अनेकदा बुडवत. मिखाएल झाटलरला मे १५२७ मध्ये रोटेनबुर्गला जाळले, पत्नी मार्गारेताला काही दिवसांनी नेकार नदीत बुडवले.

शेवटी, ग्रंथात कोण नाही ते शोधा. हा शस्त्र न धरणाऱ्यांचा ग्रंथ आहे. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहर बळाने ताब्यात ठेवणारे अॅनाबॅप्टिस्ट त्यात रक्तसाक्षी ठरत नाहीत, आणि माघार घेऊन सुटलेल्यांची कथा तर कोणी लिहीतच नाही. इतिहासकार एकूण बळी साधारण २००० ते ३००० धरतात. हा आकडा न्यायालयीन कागदांच्या आधारे काढलेला अंदाज आहे. ग्रंथातली नावे मोजून त्याच्याशी ताळा करायला जाऊ नये.