कुऱ्हाड की यंत्र? आधी ओंडका बघा

लाकूड फोडायचं यंत्र घेण्याआधी ओंडक्याची कापलेली बाजू बघा. मधून कडेकडे भेगा गेलेल्या आणि लाकडाच्या रेषा सरळ असतील, तर जाड पात्याची वजनदार कुऱ्हाड पुरते. घाव त्या भेगेवरच घाला. पातळ, धारदार पातं इथे कामाचं नाही, ते लाकडात रुतून बसतं. गाठाळ, पीळ पडलेलं लाकूड मात्र पाचर आणि घणालाही दाद देत नाही. असे ओंडके ढिगाने असतील तरच तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक यंत्र, तेही शक्यतो भाड्याने (एरवी ते जागाच अडवतं). दोन्ही हात गुंतल्याशिवाय न चालणारं यंत्र निवडा, म्हणजे यंत्राच्या पाचरीजवळ बोटं जात नाहीत. कुऱ्हाडीच्या पाठीने लोखंडी पाचर ठोकू नका, कपचे उडतात. कुऱ्हाड असो की यंत्र, डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.