पाणथळीवर पक्ष्यांचे फोटो: आदल्या रात्रीपासूनची तयारी

पाणथळ जागी उत्तम उजेड सूर्योदयानंतर जेमतेम तास-दीड तास टिकतो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांब पल्ल्याची महागडी लेन्सही पिसं धूसरच टिपते. म्हणून घरी उरकण्यासारखं सगळं आदल्या रात्रीच उरकावं. बॅटऱ्या चार्ज कराव्यात, कार्डावरचे फोटो उतरवून ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, एक कार्ड जादा ठेवावं.

शटरचा वेगही आधीच लावून ठेवावा: उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, उथळ पाण्यात संथ चालणाऱ्यासाठी १/५०० ते १/८००. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर, फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे सतत फिरणारा, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते पांढऱ्या बगळ्याचे. भोवतालचं गडद पाणी पाहून कॅमेरा अख्खी फ्रेम उजळवतो आणि पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसतात. तिथला तपशील रॉमधूनही परत मिळत नाही. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणारी सेटिंग) उणे २/३ ते उणे १ ठेवावं आणि जळालेला भाग लुकलुकवणारा इशारा चालू करावा. उजळ आभाळावर पाणकावळा असेल तर उलट, अधिक १ किंवा थोडं जास्त. हा बदल कॅमेऱ्याला लावलेला डोळा न हलवता करता यावा, इतकी बोटांना सवय हवी.

जागा ठरवताना दिशा पाहावी. सकाळी पाणी आपल्या पश्चिमेला पडेल असा काठ निवडला की सूर्य पाठीशी राहतो. खाडी असेल तर भरतीची वेळ काढून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचावं. पाणी चढेल तसे तुतवार आणि चिखले मागे सरकत आपणहून जवळ येतात, त्यांच्यामागे धावावं लागत नाही. ऐन भरतीला ते दाटीवाटीने विसावतात, तेव्हा त्या थव्याकडे मुळीच जाऊ नये. खाणं थांबवून माना उंचावल्या, तर आपण आधीच फार जवळ आलोय. तिथेच थांबावं किंवा हळूच मागे फिरावं. विणीच्या काळात घरट्याचे फोटो यादीतून काढूनच टाकावेत.

कपडे मातकट, गमबूट, आणि चिखलाची खोली चाचपायला काठी. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर यायचं तर पोटावर झोपावं लागतं, म्हणून अंथरायला जाड प्लास्टिक आणि लेन्सखाली बीन बॅग घ्यावी. ट्रायपॉड पाण्यात रोवायचा असेल तर सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे त्याचं लॉक पाण्याच्या वर राहतं. लॉकमध्ये गाळ शिरला की ते घट्ट बसत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ट्रायपॉडचे पाय त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावेत. एसीतून दमट हवेत गेल्यावर काचेवर वाफ धरते, तेव्हा पोहोचल्यावर कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्यावा आणि तितकं लवकर निघावं.