पेटी गेली कुठे, पैसे आले कुठून: धंद्याच्या नोंदी जोडून त्यांतून कसं फिरावं

देवगड असो की पावस, मे महिना अर्धा सरला की बागायतदाराचा प्रश्न एकच असतो: वरच्या बागेच्या आंब्याचे पैसे पुरते आले का? उत्तर त्याच्या घरातच असतं, पण पाच ठिकाणी पसरलेलं. तोडणीची वही, टेम्पोच्या चलनांची (माल पाठवल्याच्या कागदांची) फाईल, वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशोबाच्या कागदांचे) फोटो, बँकेचं पासबुक आणि एक एक्सेल. "माजा सगळा ह्या एक्सेलात आसा," असं छातीठोक सांगणाऱ्या काकांच्या त्या एक्सेलमध्ये एका रकान्यात लिहिलेलं असतं, 'वरची बाग + तळी, ४० पे., बाकी नंतर'. हे वाचता येतं, पण त्यावरून पुढे कुठेही जाता येत नाही.

एका नोंदीवरून तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या नोंदीवर जाता यावं आणि तिथून परतही येता यावं, एवढंच आपल्याला साधायचं आहे. उदाहरण हापूसचं घेतोय, पण काजूच्या कारखान्याला किंवा मालवणातल्या होमस्टेला पद्धत हीच लागते. मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हे नोंदी साठवायचं (डेटाबेस) सॉफ्टवेअर धरून सांगतो. १९९२ सालचं सॉफ्टवेअर आहे, दिसायला जुनाट आहे, फक्त विंडोजवर चालतं, पण घरच्या धंद्याला पुरून उरतं. फुकट हवं असेल तर लिबरऑफिस बेस घ्या, त्यातही टूल्समध्ये रिलेशनशिप्सची, म्हणजे नाती जोडायची, खिडकी आहे. 'कुठलं ॲप घेऊ' यावर आठवडे घालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांचं काम ॲपमुळे अडलेलं नसतंच.

तक्ते करा

बाग, तोडणी, चलन, दलाल, पट्टी, जमा. प्रत्येकाचा वेगळा तक्ता (टेबल) आणि प्रत्येक ओळीला ऑटोनंबर, म्हणजे ॲक्सेस आपोआप देतं तो क्रमांक. नावाला ओळख समजू नका. 'वरची बाग' गावात दर तिसऱ्या घराची असते.

प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी विचारा

एका बागेच्या तोडण्या किती? अनेक. एका तोडणीच्या बागा किती? एक. मग तोडणीच्या तक्त्यात बागेच्या क्रमांकाचा रकाना घाला आणि पुढे व्हा. दलाल आणि चलन यांचंही तसंच: चलन एकाच दलालाच्या नावे निघतं, म्हणून दलालाचा क्रमांक चलनात. एका चलनाच्या पट्ट्या मात्र दोन-तीन येऊ शकतात, कारण माल एका दिवसात विकला जाईलच असं नाही. म्हणून चलनाचा क्रमांक पट्टीत जातो. प्रश्न एकाच बाजूने विचारलात तर सगळी नाती सोपी दिसतात आणि पुढची पायरी गरजेची आहे हे कळतच नाही.

जिथे दोन्हीकडून 'अनेक' येतं

खरी गाठ इथे आहे, म्हणून इथे थांबू. एका चलनावर किती तोडण्यांचा माल? दोन-तीन. एका तोडणीचा माल किती चलनांवर? तोही दोन-तीन, कारण सगळ्या पेट्या एकाच दलालाला कुणी देत नाही. आता चलनाचा क्रमांक तोडणीत घालायचा की तोडणीचा चलनात? मला ही पायरी बरीच जड गेली होती. इंटरनेटवरचे धडे विद्यार्थी आणि विषय घेऊन बसतात, आणि आपल्या पेटीचं काय करायचं हे त्यातून उमगत नाही.

उमगलं ते सातबाऱ्यावरून. कोकणातला सातबारा काढून पाहा. एका सर्वे नंबरच्या एका हिश्शावर वीस-वीस खातेदार, आणि त्यांतलं एकेक नाव आणखी चार हिश्शांवर. सातबारा हे नातं जमिनीच्या बाजूने दाखवतो, आठ-अ तेच खातेदाराच्या बाजूने. नावापुढे जे क्षेत्र लिहिलेलं असतं ते कोणाचं? एकट्या माणसाचं नाही, कारण दुसऱ्या हिश्शावर त्याच माणसाचं क्षेत्र वेगळं आहे. एकट्या जमिनीचंही नाही, कारण तिथे आणखी एकोणीस जण आहेत. तो आकडा त्या जोडीचा आहे. आणि जोडीचा आकडा असला की जोडीचा तक्ता लागतो.

आपल्याकडे तो आकडा आहे पेट्यांचा. १२ एप्रिलच्या तोडणीतल्या पाच डझनी २५ पेट्या ४१ नंबरच्या चलनावर गेल्या. यातले '२५' तोडणीत लिहिता येत नाहीत, चलनातही नाहीत. त्यांचा तिसरा तक्ता करा, नाव ठेवा 'चलनओळ'. त्यात चार रकाने: चलनाचा क्रमांक, तोडणीचा क्रमांक, पेटी किती डझनी, किती पेट्या. पहिले तीन रकाने मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) करा, म्हणजे तीच ओळ दोनदा भरली जाणार नाही.

चलनात 'तोडणी १', 'तोडणी २', 'तोडणी ३' असे रकाने वाढवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. चौथी तोडणी मेच्या पहिल्या आठवड्यातच येते, आणि 'ही तोडणी कुठल्या चलनांवर गेली' हे शोधायला तुम्हाला तीन रकाने वेगवेगळे धुंडाळावे लागतात. एका रकान्यात स्वल्पविराम देऊन क्रमांक लिहिणं तर त्याहून वाईट. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल, म्हणजे जोडलेल्या तक्त्यांची ही पद्धत, मांडलं, तेव्हापासून हे सांगून झालेलं आहे: एका घरात एकच गोष्ट.

अशीच दुसरी जागा म्हणजे पट्टी आणि जमा. दलाल तीन पट्ट्यांचे पैसे एकरकमी पाठवतो आणि मोठ्या पट्टीचे दोन हप्त्यांत देतो. इथेही मधला तक्ता, नाव 'वाटणी': जमेचा क्रमांक, पट्टीचा क्रमांक, रक्कम. हंगामाआधी घेतलेली उचलही जमेतच टाका. जमेची जी रक्कम वाटणीत अजून गेलेली नाही ती तुमच्या अंगावर, आणि पट्टीच्या निव्वळ रकमेतला जो भाग वाटणीत आलेला नाही तो दलालाच्या अंगावर. निव्वळ म्हणजे भाडं, हमाली वगैरे वजा जाऊन. उचल मात्र त्यात वजा धरू नका, ती वाटणीतून फेडली जाते. दोन्ही ठिकाणी वजा केलीत तर तुमचेच पैसे बुडतात.

आता एक कटू गोष्ट. तुमच्या मनात रेघ आहे ती अशी: बाग, तोडणी, चलनओळ, चलन, पट्टी, पैसे. पण पट्टी हातात घेऊन नीट वाचा. त्यात डझन, नग, दर, खर्च एवढंच असतं. पेटी कुठल्या बागेची हे नसतं. दोन बागांचा पाच डझनी माल एकाच चलनावर गेला की वाशीच्या गाळ्यावर तो एक झाला. बागेपासून पैशांपर्यंतची वाट तिथे तुटते आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती जोडून देत नाही. मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना हे विचारतो तेव्हा ते स्क्रीनवर सुंदर रेघ काढून दाखवतात. ती रेघ खोटी असते, तिच्यामागे कागद नसतो.

यावर उपाय दोन. पहिला, पेटीवर बागेची खूण करा, 'व', 'त', काहीही, आणि दलालाला ती खूण पट्टीवर लिहायला सांगा. चांगला दलाल लिहितो. मग पट्टीच्या ओळीत बागेचा क्रमांक टाकायला जागा होते आणि वाट खरी होते. दुसरा, त्या चलनावरच्या सारख्याच डझनाच्या पेट्यांची सरासरी काढून बागेवर वाटा, पण त्या रकान्याचं नाव 'अंदाजे रक्कम' असंच ठेवा. खंडाने घेतलेल्या बागेचा हिशोब मालकाला दाखवायचा असेल तर पहिलाच उपाय करा. अंदाजे रकमेवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

रेघा काढा

डेटाबेस टूल्स, मग रिलेशनशिप्स. तक्ते मांडा आणि प्रायमरी की उचलून दुसऱ्या तक्त्यातल्या जोडीच्या रकान्यावर सोडा. हा रकाना 'नंबर' आणि त्यातही 'लाँग इंटीजर' हवा, नाहीतर ऑटोनंबरशी जुळत नाही. 'एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी'वर खूण करा, म्हणजे जे चलनच नाही त्याची पट्टी भरता येणार नाही. त्याखालची 'कॅस्केड डिलीट'ची खूण करू नका. एक दलाल पुसला की त्याची सगळी चलनं जातात.

रेघेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्याला अनंताचं चिन्ह दिसेल. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवर बीआयमध्ये त्याच जागी १ आणि तारा असतो, इतर आराखड्यांत 'अनेक'च्या टोकाला कावळ्याच्या पायासारखी तीन बोटं. अर्थ एकच. १ चं टोक नको त्या बाजूला दिसलं तर रकाने चुकीचे जोडले आहेत. चिन्हंच दिसली नाहीत तर इंटिग्रिटीची खूण राहिली आहे.

मांडणी डावीकडून उजवीकडे, माल जातो त्या दिशेने: डावीकडे बाग, उजवीकडे जमा. मधले तक्ते मधेच ठेवा. रेघा एकमेकींना कापत असतील तर खोकी सरकवा, तेवढा वेळ द्याच. आणि पडद्यावर गर्दी झाली म्हणून रेघ निवडून डिलीट दाबू नका. तक्ता 'हाईड' केला तर फक्त नजरेआड होतो, नातं राहतं. रेघ डिलीट केली तर नातंच तुटतं.

हा आराखडा फक्त तुमच्यासाठी आहे. घरच्यांना दाखवू नका, त्यांना त्याचा उपयोग नाही. तीनशे चलनं आणि तितक्याच पट्ट्या ठिपके-रेघांच्या जाळ्यात दाखवणारे प्रोग्रॅम मिळतात. ते पाहुण्यांना दाखवायला बरे, पण त्यातलं एक चलन बोट ठेवून काढून दाखवा म्हटलं की सगळे गप्प.

फिरायची सोय

रोज वापरायचा पडदा असा हवा: वर एक नोंद, खाली तिच्याशी जोडलेल्यांची यादी. ॲक्सेसमध्ये याला फॉर्म आणि सबफॉर्म म्हणतात, विझार्ड दहा मिनिटांत करून देतो. बागेचा फॉर्म, खाली तोडण्या. तोडणीचा फॉर्म, खाली चलनओळी. चलनाचा फॉर्म, खाली एकीकडे चलनओळी आणि दुसरीकडे पट्ट्या. यादीतल्या ओळीवर डबल-क्लिक केलं की तिचा फॉर्म उघडावा. त्यासाठी मॅक्रोत (ॲक्सेसला द्यायच्या आज्ञांच्या यादीत) 'ओपनफॉर्म' घ्या आणि अटीत क्रमांक जुळवा.

परतीची वाट विसरू नका. बहुतेक जण बागेकडून पैशांकडे जायची सोय करतात आणि थांबतात. पण प्रत्यक्षात फोन उलट्या टोकाकडून येतो: बँकेत ३८,५०० जमा झाले, ते कशाचे? जमेच्या फॉर्मखाली वाटणी, वाटणीवरून पट्टी, पट्टीवरून चलन, चलनावरून तोडणी. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्टर मारत ताळेबंदापासून व्हाउचरपर्यंत जाता येतं आणि एस्केप मारत बाहेर येता येतं, हे तुमच्या अकाउंटंटला विचारा. आपल्याला तेच हवंय. प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर क्रमांकासोबत माणसाला कळेल असं काहीतरी लिहा, 'चलन ४१, १३ एप्रिल, ६० पेट्या'. नुसता ४१ पाहून आपण कुठे आहोत ते तिसऱ्या क्लिकला कळेनासं होतं.

बेरजा

एका क्वेरीत (तक्त्यांना विचारलेल्या प्रश्नात) चलन, चलनओळी आणि पट्ट्या एकदम ओढून बेरीज मारू नका. चलनाला तीन ओळी आणि दोन पट्ट्या असतील तर क्वेरी सहा ओळी देते. त्यात प्रत्येक पट्टी तीनदा मोजली जाते आणि प्रत्येक चलनओळ दोनदा. आकडा मोठा आणि गोड दिसतो, म्हणून कुणी शंका घेत नाही. पेट्यांची बेरीज वेगळ्या क्वेरीत करा, पैशांची वेगळ्या, दोन्हींत चलनामागे एकच ओळ उरू द्या आणि मग त्या दोघी जोडा.

न जुळलेलं शोधा

क्वेरी विझार्डमध्ये 'फाइंड अनमॅच्ड' आहे. त्याने दोन याद्या करून ठेवा: पट्टी न आलेली चलनं आणि वाटणी न झालेल्या पट्ट्या. दर शनिवारी उघडा. पहिल्या यादीत जे चलन आठ दिवसांहून जुनं दिसेल, त्याच्या दलालाला त्याच दिवशी फोन करा, आणि फोन लावण्याआधी चलनाचा फॉर्म समोर उघडा ठेवा. कुठल्या तारखेला किती डझनी किती पेट्या, हे तुम्ही आधी सांगितलंत की पट्टी बहुधा संध्याकाळपर्यंत येते.