बायोडिझेलवर चालवण्यासाठी जुनी पिकअप घेताना

रावेर-सावद्याच्या पट्ट्यात चार-पाच हंगाम केळी वाहिलेली पिकअप विक्रीला येते, तेव्हा तिला नवा रंग दिलेला असतो, सीटकव्हर बदललेले असते आणि टायरांना काळे पॉलिश मारलेले असते. बायोडिझेलवर, म्हणजे खाद्यतेलासारख्या तेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या इंधनावर, चालवायच्या इराद्याने गाडी घेणाऱ्याने या सजावटीकडे पाहू नये; टाकीपासून इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलपर्यंतचा मार्ग तपासावा, कारण पुढचा खर्च तिथेच दडलेला असतो.

पहिला निर्णय इंजिनाचा. टाटा २०७ डीआय किंवा बोलेरो पिकअपची जुनी डीआय आवृत्ती यांसारख्या यांत्रिक पंपाच्या गाड्या इंधनातला थोडाफार फरक सोसतात आणि त्यांचे पंप-नोझलचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होते. कॉमनरेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून इंधन मिळते त्या इंजिनात, इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जात असल्याने किंचित पाणी किंवा कचराही इंजेक्टरला महागात पडतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक मानकाच्या) गाड्या मात्र या कामासाठी टाळाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गाड्यांत धुराचे फिल्टर साफ करण्यासाठी सिलिंडरमध्येच जादा इंधन फवारले जाते, त्यांत बायोडिझेल डिझेलइतके चटकन उडून जात नाही आणि हळूहळू इंजिन ऑईलमध्ये उतरते.

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि बोलणे सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे असे समजावे, कारण कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये हवा किती घट्ट दाबली जाते याची) खरी परीक्षा थंड इंजिन सेल्फवर किती वेळ घेते यातच होते. गाडी चालू असताना ऑईलचे झाकण उघडून पाहावे. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर येत असेल, तर पिस्टन-रिंगचे काम जवळ आले आहे. पाटे, चेसिसचे जोड आणि खतांच्या पोत्यांनी खाल्लेला हौद्याचा पत्रा हे कोणताही मिस्त्री पाहतोच, म्हणून त्यावर इथे वेळ घालवत नाही.

टाकीत बॅटरीचा उजेड टाकून तळाचा गंज आणि चिकट थर नक्की पाहावा. बायोडिझेल हे चांगले विद्रावक आहे. वर्षानुवर्षे साचलेला डिझेलचा गाळ ते सोडवते आणि थेट फिल्टरमध्ये नेऊन बसवते. माझ्या पहिल्या गाडीची टाकी धुतली आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना अर्ध्यावर गाडीची ओढ गेली, आणि फिल्टर उघडला तेव्हा त्यातून डांबरासारखा काळा लगदा निघाला. तेव्हापासून मी टाकी स्वतःसमोर उतरवून धुऊन घेतो आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोन जादा फिल्टर गाडीतच ठेवतो.

जुने रबरी पाइप बायोडिझेलने फुगतात व मऊ पडतात, म्हणून रिटर्न लाइनसह (उरलेले इंधन टाकीत परत नेणाऱ्या पाइपासह) सगळे पाइप आणि पंपाची सील व्हायटॉनची, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या खास रबराची, बसवून घ्यावीत आणि हा खर्च सौद्यातच धरावा. इंधनाच्या मार्गात तांबे, पितळ किंवा जस्ताचे भाग असतील तर तेही बदलावेत, कारण त्यांच्या संपर्कात बायोडिझेल लवकर खराब होते.

सरकीचे तेल गाळून टाकले म्हणजे बायोडिझेल झाले, हा समज खानदेशात अजूनही ऐकू येतो. तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया होऊन ग्लिसरीन वेगळे निघाल्याशिवाय ते बायोडिझेल नव्हे. प्रक्रिया न केलेले तेल दाट असते आणि नोझलवर कार्बन धरते. महामार्गालगत या नावाने भलतेच औद्योगिक द्रव्यही विकले जाते. म्हणून आयएस १५६०७ या मानकाचा चाचणी अहवाल आणि पक्के बिल मागावे. घरी एक साधी परीक्षा करता येते: काचेच्या बाटलीत निम्मे बायोडिझेल व निम्मे पाणी घालून जोराने हलवावे. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर वेगळे झाले नाहीत आणि मध्ये पांढरा साबणासारखा फेस राहिला, तर तो माल घेऊ नये. ही परीक्षा उत्तीर्ण झाली तरी अहवालाची गरज संपत नाही.

कागदपत्रांत बँकेचा बोजा, फिटनेस, विमा आणि थकलेले चलन पाहावे; बोजा असल्यास फॉर्म ३५ (बोजा उतरल्याचा बँकेच्या सहीचा अर्ज) घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचा पर्यावरण कर भरला आहे की नाही, हेही विचारावे. डिझेलच्या भारतीय मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलचे मिश्रण बसते; त्याहून अधिक प्रमाण वापरण्याआधी गाडीचे मॅन्युअल पाहून आरटीओत विचारणा करावी.

परवानगीचा प्रश्न सुटल्यावरही सुरुवात कमी प्रमाणाने करून फिल्टर पाहत पाहत २० टक्क्यांपर्यंत जावे. शुद्ध बायोडिझेलमध्ये डिझेलपेक्षा लिटरमागे साधारण आठ टक्के ऊर्जा कमी असते, त्यामुळे भाड्याचा हिशोब करताना अॅव्हरेजमधली घट धरावी. जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि पामतेलापासून बनवलेले बायोडिझेल पहाटे गढूळ होऊन फिल्टरमध्ये अडकते. त्या महिन्यात प्रमाण कमी करावे किंवा सरळ डिझेलच भरावे.