सिस्को स्विचवर जुनं कॉन्फिग (सेटिंग) परत कसं टाकायचं

भावा, शिरोली एमआयडीसीत नाहीतर गोकुळ शिरगावात कुठं नेटवर्कचा स्विच बदलला की आधी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) लाव, स्पीड ९६००, कारण रिस्टोर करताना आयपी बदलला तर रिमोटचं कनेक्शन तुटतंय. बॅकअप फाईल टीएफटीपीवरून (नेटवर्कवरून फाईल पाठवायची साधी पद्धत) थेट रनिंग कॉन्फिगवर (आत्ता चालू असलेली सेटिंग) कॉपी करू नको, ती फक्त मर्ज होते, जुन्या नको असलेल्या लाईनी तशाच राहतात आणि मग शोधत बसायचं. त्यापेक्षा फाईल स्टार्टअप कॉन्फिगवर (स्विच चालू होताना वाचतो ती सेटिंग) कॉपी कर, मग रीलोड (रीस्टार्ट) दे, सेव्ह करू का विचारलं की नो म्हणायचं, हे लई महत्त्वाचं, यस दिलं की टाकलेलं सगळं पुसलं. व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं) बऱ्याचदा वेगळ्या व्हीलॅन डॉट डॅट फाईलमध्ये असतात, तिचाही बॅकअप ठेव. शेवटी शो व्हीलॅन मारून पोर्ट बघ.