एचआयव्हीसोबत शुगर-बीपीही आहे? टाळेबंदीआधी करायची तयारी

२०२०च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी एक विचित्र गोष्ट झाली. एचआयव्हीच्या गोळ्या तीन-तीन, सहा-सहा महिन्यांच्या एकदम मिळाल्या. त्याच माणसाची शुगर-बीपीची औषधं मात्र दुसऱ्या खिडकीवर, दर महिन्याला. ती खिडकी बंद झाली आणि विषाणू काबूत असताना शुगर हाताबाहेर गेली. चालणं थांबलं, झोप उडाली, ते वेगळंच. पुन्हा दारं बंद होण्याआधी एवढं करून ठेवा.

१. सगळी औषधं एकाच कागदावर लिहा: नाव, मात्रा, वेळ. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ‘एचआयव्ही’ असं लिहायची गरज नाही; औषधाच्या नावावरून डॉक्टरांना कळतं.

२. सगळ्या गोळ्या एकाच तारखेला संपतील अशी चिठ्ठी मागून घ्या. तब्येत स्थिर असेल तर एआरटीइतक्याच (एचआयव्हीच्या औषधांइतक्याच) महिन्यांची शुगर-बीपीची औषधंही मागा. संकोच करू नका.

३. औषधांचं आपसात जमतं का, हे विचारा. घाईत इथेच चूक होते. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधामुळे रक्तातलं मेटफॉर्मिन (शुगरचं औषध) वाढतं, म्हणून मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. आम्लपित्तावरची अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधं डोल्युटेग्राविर अडवतात. डोल्युटेग्राविरची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी जेवणासोबत असेल तर ती आणि डोल्युटेग्राविर एकत्र चालतात. रिटोनाविर (एचआयव्हीचं आणखी एक औषध) चालू असताना कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन मात्र अजिबात नको. दुकानदाराने ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दिलेली पट्टी कागदाशी ताडून पाहा.

४. बीपी घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा. आकडा वारंवार १३५/८५च्या वर जात असेल तर डॉक्टरांना फोन करा.

५. साठा पुरवण्यासाठी गोळ्या दिवसाआड घेऊ नका. औषध अर्धवट पोचलं की विषाणू त्याला दाद देईनासा होतो. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर (एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्हींवरचं औषध) अचानक थांबल्याने यकृताचा आजार उसळू शकतो. आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की लगेच फोन करा, शेवटच्या पट्टीची वाट पाहू नका.

६. दारं उघडली की व्हायरल लोडसोबत (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कोलेस्टेरॉल आणि शुगरही तपासा. काही एचआयव्हीग्रस्तांमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) खऱ्यापेक्षा कमी दिसतं, त्यामुळे उपाशीपोटीची शुगरही करून घ्या.